वेदना : नाही

शनिवारी सकाळी साडेसहाला जिम्नॅस्टिक्सच्या हॉलचं दार उघडायचं. मुली आत जायच्या आणि पालक बाहेरच्या लॉबीत थांबायचे. मध्ये एक लांबरुंद काच होती. काचेच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा कूलर, चपलांचं कपाट आणि एका उंच टेबलावर दोरीने बांधलेलं पेन. पेनाशेजारी वही.

त्या वहीत दर शनिवारी प्रत्येक पालकाने सही करायची, असा तिथला रिवाज होता. वहीत चार छापील रकाने होते: तारीख, मुलीचं नाव, वेदना आणि पालकाची सही. वेदनेच्या रकान्यात 'नाही' लिहायचं. 'आहे' लिहायला कुणाची मनाई नव्हती, फक्त आजवर ते कुणी लिहिलं नव्हतं. शाळेत शिक्षा म्हणून एकच ओळ शंभरदा लिहायला लावतात, तशी त्या वहीची पानंच्या पानं 'नाही, नाही, नाही' अशी भरलेली होती. हस्ताक्षरं तेवढी वेगळी. बारा मुलींच्या बारा घरांतली.

असल्या रिवाजांना कुठल्या ग्रंथाचा आधार लागत नाही. चार शिकलेली माणसं एका रांगेत उभी राहून तेच करू लागली, की पाचव्याला विचारायची लाज वाटते. एवढ्यावर भागतं.

भिंगरीचे बाबा रांगेत तिसरे होते. त्यांच्या पुढे गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी संघातली सगळ्यात लहान, नऊ वर्षांची, म्हणून तिला सगळे पिटुकली म्हणत. ह्या गृहस्थांना धंद्याची एक खोड होती. आत पिटुकली कसरतीच्या अरुंद बीमवर चढली, की बाहेर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा जमिनीत रुतायचा. सगळे त्यांना त्यावरून हसायचे आणि तेही हसायचे.

"घ्या, लिहा," पेन पुढे करत ते म्हणाले. "आपलं काय जातंय? आपल्याला थोडंच दुखतंय!"

भिंगरीचे बाबा हसले आणि त्यांनी 'नाही' लिहिलं.

भिंगरी अकरा वर्षांची होती. चौथ्या वर्षी ती बिछान्यावरून कोलांट्या मारत थेट स्वयंपाकघरात जायची, तेव्हापासून तिला हे नाव पडलं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव घरातही कुणी घेईनासं झालं. सहाव्या वर्षी तिला ह्या हॉलमध्ये आणलं. आता आठवड्यातून सहा दिवस, रोज साडेतीन तास. ती हुशार होती, निडर होती आणि सांगितलेलं ऐकणारी होती. हे तिन्ही गुण एकाच मुलीत असले की शिकवणाऱ्यांना सोनं सापडल्यासारखं होतं.

शिकवणाऱ्या मॅडम वाईट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे सगळं खापर एकीच्या डोक्यावर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. एखादी मुलगी "मॅडम, दुखतंय" म्हणाली, की त्या सराव थांबवत आणि शांतपणे म्हणत, "बरं. हिचं दुखणं थांबेपर्यंत आपण सगळ्या वाट बघू." मग सगळ्या मुली भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात वर ताणून उभ्या राहत. दोन मिनिटं, पाच मिनिटं, सात मिनिटं. हात थरथरायला लागत. दुखणारी मुलगी मधोमध एकटी उभी असे आणि अकरा जणी तिच्याकडे बघत असत. शेवटी ती म्हणे, "थांबलं, मॅडम." मॅडम म्हणत, "शाब्बास."

भिंगरी आयुष्यात एकदाच, आठव्या वर्षी, अशी मधोमध उभी राहिली होती. पुन्हा नाही.

पालक हे काचेतून बघत. त्याला ते शिस्त म्हणत. बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची मुलगी भिंगरीच्याच वयाची. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आजकालच्या पोरांना जरा खुट्ट झालं की रडायची सवय. इथे कशा कणखर होतात बघा." तेव्हा भिंगरीच्या आईनेही मान डोलावली होती.

त्या सीझनमध्ये चार स्पर्धा होत्या. पहिली ह्याच हॉलमध्ये, दुसरी शेजारच्या गावी, तिसरी विभागाची आणि चौथी निवडीची. निवडीत पहिल्या सहांत येणाऱ्या मुलींना मोठ्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते. राहणं, जेवणं, शाळा सगळं तिथेच. भिंगरी सहांत येणार, हे मॅडमनी सीझनच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून घरात सगळं त्या चौथ्या तारखेच्या आधीचं आणि नंतरचं असं विभागलं गेलं. आत्याकडे जायचं? नंतर. दात दाखवायचे? नंतर. वाढदिवस? नंतर बघू.

पहिल्या स्पर्धेत भिंगरी बार्सच्या आडव्या दांड्यांवर पहिली आली. घरी आल्यावर तिने पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला. बाबांनी ते पाहिलं. ती उजवा हात मांडीवर पालथा ठेवून बसली होती, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा.

भिंगरीचे बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. सोळा वर्षं त्यांनी तळमजल्यावरच्या त्या गार खोलीत माणसांची हाडं पाहिली होती. मोडलेली, झिजलेली, चुकीची जुळलेली. पेशंट जिन्यातून येतानाच विचारत, "फोटोवाले आहेत का?" चालण्यावरून कुणाचं काय दुखतंय हे त्यांना फोटोआधी कळायचं. अशा माणसाला आपल्या मुलीचं मनगट दिसलं नाही, असं कुणी म्हणणार नाही. दिसलं होतं. मनगटावरच्या टेपचे वेढे वाढत चालले होते, घरातल्या फ्रीजचा वरचा कप्पा बर्फाच्या पिशव्यांनी भरला होता आणि गार फवाऱ्याची बाटली आठवड्याला एक संपत होती. तो फवारा मारला की कातडी पांढरी पडते आणि तासभर काही कळत नाही.

स्पर्धेनंतरच्या बुधवारी ते तिला शाळेतून परस्पर हॉस्पिटलात घेऊन आले. दुपारची जेवणाची वेळ होती, विभागात कुणी नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फोटो काढायचा नाही हा नियम त्यांनी सोळा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

"हात सपाट ठेव. बोटं सरळ. हलू नकोस. श्वास रोख."

मनगटाच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही. सवयीने तोंडातून गेलं. त्यांनी बटण दाबलं आणि ते पडद्यासमोर बसले. आधी उजवं मनगट, मग ताडून बघायला डावं.

वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी फोटोत एक बारीक काळी रेघ दिसते. हाड तिथून वाढतं. डाव्या हातात ती रेघ पट्टीने आखल्यासारखी होती. उजव्या हातात ती रुंद झाली होती, कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या आणि अंगठ्याच्या बाजूला एका टोकाशी ती पुसट व्हायला लागली होती. रोज साडेतीन तास अख्ख्या शरीराचा भार त्या रेघेवर पडत होता. ह्याचा अर्थ काय, हे सांगायला त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. हात आत्ता थांबला तर सुधारेल. नाही थांबला तर ती रेघ वेळेआधी मिटेल आणि ते हाड तिथेच थांबेल.

ते किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. मागे वळले तेव्हा भिंगरी टेबलापाशी तशीच उभी होती. हात सपाट, बोटं सरळ, चेहरा लाल झालेला. ती अजून श्वास रोखून होती. "सोड" म्हणायला ते विसरले होते.

"सोड, सोड," ते घाईने म्हणाले.

तिने श्वास सोडला आणि विचारलं, "मी जाऊ शकते ना निवडीला?"

हाडांच्या डॉक्टर वरच्याच मजल्यावर बसायच्या. अठरा पायऱ्या. पण डॉक्टरांना दाखवलं की त्या लिहिणार आणि लिहिलं की हात बंद होणार. साडेतीन महिनेच तर आहेत. सीझन संपला की लगेच दाखवू, सहा महिने विश्रांती देऊ. ह्याहून वाईट हाडं आपण जुळलेली पाहिली आहेत. त्यांनी फोटोची एक प्रत काढली, पडद्यावरचं पुसून टाकलं आणि ती प्रत पाकिटात घालून पाकिटावर काहीच लिहिलं नाही.

"जाशील की," ते म्हणाले.

शनिवारी त्यांनी वहीत 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

भिंगरीची आई शिवणकाम करायची. बाराही मुलींचे स्पर्धेचे पोशाख तीच शिवायची. अंगाला घट्ट बसणारे, लांब बाह्यांचे, गळ्याभोवती टिकल्यांचं काम. ताणल्या जाणाऱ्या कापडावर शिलाई सरळ मारणं सोपं नसतं, पण तिचा हात बसला होता. दर स्पर्धेआधी ती सगळ्यांची मापं घ्यायची. तिच्या वहीत गेल्या दोन वर्षांत बारा मुलींची मापं फारशी हलली नव्हती. "आमच्या मुली मापात आहेत," असं ती कौतुकाने सांगायची. नऊ ते बारा वयाच्या मुली दोन वर्षं एकाच मापात राहणं हे कौतुकाचं नाही, भीतीचं आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला स्वतःला ते सुचलं नसेल, असं मात्र म्हणवत नाही.

दुसऱ्या स्पर्धेआधी भिंगरीला पोशाख घालून पाहिला, तेव्हा उजव्या मनगटाशी बाही चुरगळली. आईला वाटलं, आपणच चुकलो. तिने मापाची टेप लावली. उजवा हात डाव्यापेक्षा एक सूत कमी भरला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिने टेप बदलून पाहिली. खांदा सरळ करायला सांगून पाहिलं. एक सूतच.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही. सरळ उभी राहा."

आईने कागदाचा नवा तुकडा घेतला, उजव्या बाहीचा वेगळा नमुना कापला आणि त्यावर पेन्सिलीने 'उजवी' लिहिलं. नवऱ्याला सांगितलं नाही. ते तळमजल्यावर दिवसभर दुसऱ्यांची हाडं बघतात, त्यांना सांगितलं तर ते उद्याच फोटो काढतील आणि सगळं थांबवतील, असं तिला वाटलं. आणि सगळं थांबावं असं तिला वाटत नव्हतं. हे तिने स्वतःशीही एवढ्या स्पष्ट शब्दांत म्हटलं नाही. तिने बाही जोडली. स्पर्धेत पोशाख इतका बेतशीर बसला, की बँकेतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात जादू आहे हो."

त्या दिवसांत घरात अबोला होता असं नाही. बोलणं भरपूर होतं. टेप आणली का? बर्फ जमला का? किती वाजता निघायचं? सकाळी किती खाल्लं? भिंगरीचं उत्तर ठरलेलं असायचं: "बास." आईबाप दोघंही वेळेवर उठत, वेळेवर डबा भरत, वेळेवर लॉबीत जाऊन बसत. काचेपलीकडे मुलगी हवेत उलटी व्हायची, दोन्ही हातांवर पडायची आणि पुन्हा उभी राहायची. तिला मेडल मिळालं की ते टाळ्या वाजवत. घरी येताना कुणालाच विशेष आनंद झालेला नसे आणि दुःखही नसे.

विभागाच्या स्पर्धेत ती एकूण दुसरी आली. व्हॉल्टच्या उडीत टेकताना तिचा उजवा हात जरासा दुमडला होता. ते फक्त आईबाबांच्या लक्षात आलं आणि दोघं एकमेकांकडे बघायचं टाळून समोर बघत राहिले. खाली उतरल्यावर तिने परीक्षकांकडे बघून शिकवलेलं हसू दिलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंचा फोन आला.

"अहो, एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "ही आधी उजव्या हाताने लिहायची ना? गेले दोन महिने डाव्याने लिहितेय. अक्षर सुरुवातीला अगदी किड्यामुंग्यांसारखं होतं, आता चांगलं वळायला लागलंय. मी विचारलं तर म्हणाली, मला दोन्ही येतं. घरी काही झालंय का?"

"नाही हो," भिंगरीची आई म्हणाली. "तिला असली खुळं लागतात अधूनमधून."

फोन ठेवून ती मशीनवर बसली. पायाखालचं पायडल हलत राहिलं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की सुईत दोराच नव्हता.

निवडीला नऊ दिवस उरले होते. शुक्रवारची संध्याकाळ. बाहेरच्या खोलीत शेवटच्या पोशाखाची कापणी चालली होती आणि जमिनीवर कागदाचे नमुने पसरले होते. भिंगरी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. बाबा कामावरून आले आणि बायकोला मदत म्हणून कागद गोळा करायला लागले. एकावर एक ठेवताना त्यांच्या हातात दोन बाह्या आल्या. एकीवर 'डावी', दुसरीवर 'उजवी'. त्यांनी त्या एकमेकींवर ठेवल्या, वरच्या कडा जुळवल्या. खालच्या जुळेनात.

"ह्या दोन वेगळ्या का?"

आईने कात्री खाली ठेवली नाही. "उजवी दोन सूत कमी आहे."

"पहिल्यापासून?"

"नाही. दुसऱ्या स्पर्धेला एक सूत होती."

बाबांनी कागद खाली ठेवले. मग ते कपाटाकडे गेले, जुन्या कागदांच्या खालून एक पाकीट काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. तिने फोटो ट्यूबलाइटसमोर धरला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी शेजारी उभं राहून ती रेघ दाखवली. ही डावी. ही उजवी. इथे मिटायला लागलीय.

"कधी काढलात हा?"

"पहिल्या स्पर्धेनंतर."

"म्हणजे मी बाही कापत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं."

भांडण व्हायला हवं होतं. इतर कुठल्याही घरात झालं असतं. पण भांडायला एकाने तरी निर्दोष असावं लागतं.

"मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही थांबवाल," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "तू थांबवशील म्हणून."

आतून पेन्सिलीचा आवाज येत होता. दारातून भिंगरीची पाठ दिसत होती. ती डाव्या हाताने लिहीत होती आणि उजवा हात पालथा, टेबलावर, वहीचा कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या वजनासारखा पडला होता. दोघं ते बघत उभे राहिले. आईला रडू आलं नाही. आपल्याला रडू का येत नाही, एवढाच प्रश्न तिला पडला आणि त्या प्रश्नाची तिला भीती वाटली.

"उद्या शनिवार आहे," बाबा म्हणाले.

शनिवारी रांगेत ते दोघं एकत्र उभे राहिले. बाबांनी तारीख लिहिली, नाव लिहिलं. वेदनेच्या रकान्याशी पेन थांबलं. मागून गाडी शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "काय हो, शाई संपली का?"

बाबांनी लिहिलं: आहे. उजवं मनगट. आणि सही केली.

गृहस्थांनी वाकून वाचलं आणि ते हसले, मग त्यांना कळलं की हे हसण्यासारखं नाही. बँकेतल्या बाई उठून आल्या. "अहो, असं कसं लिहिता? आठ दिवसांवर निवड आलीय. तुमच्यामुळे आमच्या मुलींना उगाच उभं राहावं लागेल."

वही आत गेली आणि दोन मिनिटांत मॅडम बाहेर आल्या.

"हे काय आहे?"

"खरं आहे," बाबा म्हणाले.

"हे बघा," मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचे हातपाय बोलतात. टेप आहे, फवारा आहे. मी स्वतः असंच खेळलेय. आठ दिवस काढा, मग हवी तेवढी विश्रांती द्या."

"फोटोत दिसतंय, मॅडम. हाड वाढायचं थांबतंय."

"फोटो काढायलाच कुणी सांगितलं होतं? फोटो काढला की काहीतरी निघतंच."

"ते मला सांगता?" बाबा म्हणाले. "सोळा वर्षं तेच काम करतोय. निघतं म्हणूनच काढतात."

मॅडमनी एकदा आपल्या डाव्या मनगटावरून अंगठा फिरवला. ते मनगट कधी पूर्ण वाकत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "माझे आईवडील इथे येऊन असं कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. ह्यात तक्रार होती की अभिमान, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून भिंगरी बाहेर आली. तिला आत कळलं होतं.

"बाबा, खोडा ते," ती म्हणाली. "नाही दुखत. खरंच नाही दुखत. आई, सांग ना ह्यांना."

"मी सांगणार नाही, बाळा."

"माझी निवड आहे!" आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरी त्या लॉबीत ओरडली. "तुम्हीच म्हणालात जाशील म्हणून!"

मग सगळ्यांचं लक्ष काचेकडे गेलं.

आतल्या अकरा मुलींना कुणी काही सांगितलं नव्हतं. मॅडम तर बाहेर होत्या. पण वहीत 'आहे' लिहिलं गेलं, हे त्यांना कळलं होतं, आणि असं झालं की काय करायचं हेही त्यांना माहीत होतं. एकेक करून त्या भिंतीपाशी गेल्या, पाठ टेकवली आणि हात वर ताणून उभ्या राहिल्या. टोकाला पिटुकली. तिच्या वडिलांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला आणि तसाच राहिला.

भिंगरीची आई आत गेली. पालकांनी काचेपलीकडे जायचं नाही हा नियम होता. ती चपला घालून, गाद्यांवरून, सरळ भिंतीपर्यंत गेली आणि तिने पिटुकलीचे दोन्ही हात धरून खाली आणले.

"हात खाली घे गं. कुणी काही म्हणत नाही."

पिटुकलीने तिच्याकडे पाहिलं. आई शेजारच्या मुलीकडे वळली, तसे पिटुकलीचे हात पुन्हा वर गेले. आईने शेजारचीचे खाली आणले, तिसरीचे आणले. मागे वळून पाहिलं तर तिघींचेही वर होते. बाहेर सगळे पालक काचेला लागून उभे होते.

शेवटी ती तशीच परत आली. तिने भिंगरीची बॅग उचलली, बाबांनी तिचा डावा हात धरला आणि तिघं बाहेर पडले. भिंगरी हॉस्पिटलपर्यंत रडत होती, रागाने, आवाज न करता. त्या अठरा पायऱ्या चढताना ती बाबांच्या हातातून हात सोडवून पुढे गेली.

हाडांच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी जुना फोटो पाहिला, नवा काढवला, दोन्ही शेजारी लावले. त्यांचे आणि बाबांचे सोळा वर्षांचे संबंध. त्या चिडल्या नाहीत.

"हा कधीचा?" त्यांनी जुन्याकडे बोट दाखवलं.

बाबांनी तारीख सांगितली.

"तेव्हा वर आला असतात तर मी तीन महिने हात बंद केला असता आणि तुम्ही हे विसरून गेला असतात," त्या म्हणाल्या. "आता एक कड मिटलीय. ती उघडत नाही. हात आजपासून पूर्ण बंद. आणखी किती आखूड राहतो, ते वाढ संपेपर्यंत बघत राहायचं. कदाचित शस्त्रक्रिया लागेल. जिम्नॅस्टिक्सचं मी आज काही बोलत नाही."

बाबांनी मान डोलावली. पेशंटच्या नातेवाइकांना अशी मान डोलावताना त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

डॉक्टर भिंगरीकडे वळल्या. त्यांनी तिचं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि अंगठ्याने हळूच दाबलं. भिंगरीच्या पायाची बोटं वळली. चेहरा हलला नाही.

"दुखतं का?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"इथे?"

"नाही."

डॉक्टरांनी हात खाली ठेवला आणि आईबापांकडे पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठून भिंगरीसमोर जमिनीवर बसले.

"इथे कुणी भिंतीशी उभं राहणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगितलंस तरी कुणीच उभं राहणार नाही. दुखतं का?"

तिने दाराकडे पाहिलं. मग आईकडे. मग बराच वेळ आपल्या हाताकडे.

"इथे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "इथे पण." कोपर. उजवा खांदा. कमरेच्या वर, मधोमध, मागे वाकलं की. डावी टाच. डॉक्टरांनी कागद ओढून लिहायला घेतलं. भिंगरी एकेका जागेवर डाव्या हाताचं बोट ठेवत होती, वर्गात नकाशावर गावं दाखवावी तशी, चुकायला नको म्हणून सावकाश.

"कधीपासून गं?" आईने विचारलं.

"टाच मागच्या वर्षीपासून. बाकीचं नंतर."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं होतं.

"तुम्ही दर शनिवारी 'नाही' लिहायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्याला दुखणं म्हणत नसतील."